मुरुडच्या दोणीवरचे धुणे

दापोली तालुक्यातील मुरुड गावी ज्या विहिरीचे पाणी रहाटाने उपसून, पन्हळीतून दोणीत आणि दोणीतून पाटाने आगरातील पोफळींस पाजले जात असे, त्याच विहिरीवर घराघरांचे धुणे होई. आणि ते धुणे पाण्यात पडण्यापूर्वी त्याची जी निवड होई, तीत गावच्या समाजरचनेचा तपशील एखाद्या दफ्तरात नोंदावा तसा उमटलेला असे.

ब्राह्मणांच्या घरांत पहिली वाटणी सोवळ्या-ओवळ्याची. रेशमी मुकटा, कद आणि लोकरीची धाबळी यांचे स्थान मुळातच वरचे; सुती धोतर वा लुगडे मात्र स्नानानंतर धुवून, पिळून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच दांडीवर काठीने वाळत घातले, तरच दुसऱ्या दिवशी सोवळ्यात चाले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते वाळता वाळत नसे, म्हणून तर धाबळीची सोय. पारोशी वस्त्रे निराळी, विटाळशीची निराळी. सुतकातील कपडे परटाकडे जात. परीट प्रत्येक घराची खूण बिब्ब्याच्या रसाने काढी. चुन्याच्या निवळीने पक्की झालेली ती काळी खूण कापड विरेपर्यंत पुसली जात नसे. सज्जीखारात भिजवून, भट्टीच्या वाफेवर उकळून त्याने आणलेली स्वच्छ घडी घरात आल्यावर पुन्हा पाण्यातून काढल्याखेरीज देवघरात चालत नसे, हा शिरस्ता मला फार अन्यायाचा वाटतो. ज्याच्या श्रमाने मळ गेला, त्याचाच स्पर्श मळ ठरला.

या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर कप्पा विधवांच्या तांबड्या आलवणाचा होता. केशवपन झालेल्या विधवेच्या हातचा सोवळ्यातला स्वयंपाक घराला हवा असे, आणि तिचेच दर्शन मंगलकार्यात अशुभ मानले जाई. याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. कपड्यांना लावलेला विटाळाचा नियम माणसांना किती सहजपणे लागू होत असे, हे त्या बहिष्कारावरून ध्यानी येते. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि आलवणाचा तो कप्पा हळूहळू रिता होऊ लागला.

परंतु त्याच निवडीच्या पोटात दुसरे एक ज्ञान नांदत होते, आणि ते सर्वस्वी स्त्रियांचे होते. फणसाचा चीक लागलेला सदरा पाण्यात घालावयाचा नाही, आधी डागावर खोबरेल चोळावयाचे. केळीचा आणि काजूच्या बोंडाचा डाग मात्र जन्माचा सोबती, म्हणून आगरात जाताना जुनेरच नेसावयाचे. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, त्याने घाबरून जाऊ नये, कडक उन्हात तो आपोआप फिका पडतो. नव्या लुगड्याचा काठ रंग सोडतो की काय, हे पाहण्यासाठी आमची आजी त्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून धरी. फडके रंगले तर लुगडे महिनाभर एकटे धुतले जाई. उसवलेल्या शिवणीला धुण्याआधी टाका पडे, कारण दगडावर आपटताना बोटभर भोक हातभर होते. सोग्याची आणि कनवटीची गाठ सोडून पाहिली जाई. तीत कधी पैसा निघे, कधी सुपारीचे खांड. रेशमासाठी रिठा राखून ठेवलेला असे, आणि समुद्रालगतच्या मचूळ पाण्यात जेथे साबणाचा फेस धरत नाही, तेथेही रिठ्याचा धरतो, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते.

पुढे साबणाच्या वड्या आल्या, 1959 पासून सर्फची पूड आली, आणि आता विजेचे यंत्र आले आहे. दांडी आणि काठी अडगळीत गेली. तरी यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी आमच्या घरी ओटीवर अजून तीन ढीग पडतात: पांढऱ्यांचा, रंगीतांचा आणि आगरातल्यांचा. खिसे उलटे होतात, सैल गुंडीला टाका पडतो, आणि वैशाखात चिकाचा एखादा सदरा, खोबरेल चोळून, पायरीवर उन्हात वेगळा ठेवलेला असतो.