खांदेरी : काळ्या पाषाणाचे एक बेट

समुद्र हा आपला विषय नव्हे, अशी मराठवाड्यातल्या माणसाची एक समजूत आहे. तिला आधारही आहे. मांजरेचे पाणी गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेडवरून वाहत पूर्वेच्या समुद्राला जाते. कोकणाकडे तिने कायमची पाठ फिरवली आहे. निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा कुठे कागदोपत्री का होईना, सातशे-सव्वासातशे किलोमीटरचा किनारा आपलाही झाला. पण मनाने तो अजून आपला झाला आहे काय? एका लहानशा, निर्जन बेटाच्या निमित्ताने हा प्रश्न मी आपणांपुढे ठेवणार आहे.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे आहेत. किनाऱ्यालगतचे ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे खांदेरी. खांदेरीवर दोन टेकाडे, भोवती तटबंदी, एक दीपगृह आणि कोळ्यांच्या श्रद्धेचे वेताळाचे देऊळ आहे. येथे नांदते गाव नाही. बेटावर एक खडक असा आहे की, त्यावर दगड मारला असता धातूसारखा नाद निघतो. पाहुणे तो वाजवून पाहतात आणि परत जातात. परंतु त्या खडकाची खरी कथा नादाची नाही, जन्माची आहे.

ज्वालामुखीचे बेट म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा डोंगर येतो. असे बेट भारतात आहे. अंदमानातील बॅरन बेट निर्जनच असून, दीर्घकाळ शांत राहून १९९१ साली ते पुन्हा पेटले. खांदेरी त्या जातीचे नव्हे. तेथे ज्वालामुखीचे मुख नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला प्रचंड भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणाखाली आहे. पुढे पश्चिमेकडचा भाग खचला, समुद्राने तो खाल्ला, आणि जे टणक तुकडे पाण्यावर डोके काढून राहिले, त्यांतलाच एक खांदेरी.

याच पाषाणाचे दुसरे टोक आपल्या पायाखाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेतले, तेव्हा हा थर सुमारे ३३८ मीटर भरला. त्याच्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. देगलूर-बिलोलीकडे तर हे आवरण संपते आणि तोच जुना खडक उघडा पडतो. म्हणजे काळ्या पाषाणाची पूर्वेकडची वेस आपल्या जिल्ह्यात आणि पश्चिमेकडची वेस समुद्रात आहे. लातूरच्या विहिरीतला दगड आणि खांदेरीच्या तटाखालचा दगड हे एकाच कुळातले आहेत.

आता इतिहासाकडे वळू. ज्या खडकावर धान्य पिकत नाही, त्यासाठी माणसे का लढली? उत्तर नकाशात आहे. मुंबईच्या बंदरात शिरणारे गलबत येथून दिसते. मुंबई इंग्रजांची आणि दक्षिणेस जंजिरा सिद्दीचा. या दोहोंच्या मध्ये ज्याचे ठाणे, त्याची नजर दोघांवर. शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. १६७२ साली त्यांनी बेटावर बांधकामाचा प्रयत्न केला. तो साधला नाही. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरण्याआधीच, मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले.

इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा करून गलबते पाठविली. सप्टेंबरात थॉर्प नावाचा त्यांचा अधिकारी बेटापाशी मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली. त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांनी धरले. पण ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मराठ्यांना माघार घ्यावी लागली. हे लपविण्याचे कारण नाही. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत इंग्रज वरचढ होते.

मग बेट राहिले कसे? ते राहिले लहान होड्यांमुळे. जड जहाजांना उथळ पाण्यात येता येईना, आणि वारा पडला की त्यांना हलताही येईना. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री किनाऱ्यावरून निघत, धान्य, दारूगोळा आणि माणसे बेटावर पोहोचवीत आणि पहाटेपूर्वी परतत. तट चढत राहिला. नोव्हेंबरात सिद्दी इंग्रजांच्या मदतीस आला. परंतु खांदेरी मिळत नाही असे पाहून जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारचे उंदेरी बळकावले. इंग्रजांना खर्च सोसेना. त्यांनी तह करून माघार घेतली. एप्रिलच्या ३ तारखेस महाराज गेले. त्यांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक काम. पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आले. १७१८ साली मुंबईच्या इंग्रजांनी त्यावर पुन्हा हल्ला केला आणि तो फसला. १८१८ साली पेशवाईबरोबर बेटही गेले; १८६७ साली तेथे दीपगृह उभे राहिले. ज्या खडकावरून परक्या गलबतांवर नजर ठेवली जाई, तोच खडक सर्वांना वाट दाखवू लागला.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे. हा गौरव खराच. तथापि गौरवाच्या पाटीने किल्ला जगत नाही. तो जगतो तो माणसांच्या जाणिवेने. खांदेरी तोफांनी नव्हे, तर रात्री वल्ही मारणाऱ्या, नावे न उरलेल्या कोळ्या-भंडाऱ्यांनी राखले, ही गोष्ट कंधारच्या किंवा उदगीरच्या किल्ल्याशेजारी राहणाऱ्या आपणांस विशेष कळावयास हवी. आपल्या गावच्या तटाचे चिरे निखळू लागतात, तेव्हा आपण सरकारकडे बोट दाखवून मोकळे होतो. किनारा दूर असेल; दगड मात्र एकच आहे, आणि त्याला राखण्याची रीतही एकच आहे.