सहाध्यायी अभिप्राय (कथालेखन)

सहाध्यायी अभिप्राय ही सर्जनशील लेखनाच्या अध्यापनातील एक पद्धत आहे. तीत एका विद्यार्थ्याच्या कथेचा मसुदा वर्गातील इतर विद्यार्थी आधी वाचतात आणि नंतर एकत्र बसून त्यावर मत मांडतात. कथेला गुण देणे हा या अभिप्रायाचा उद्देश नसून लेखकाला पुनर्लेखनासाठी साहाय्य करणे हा असतो. पुस्तकाची समीक्षा मुख्यतः वाचकांसाठी लिहिली जाते. येथे मात्र श्रोता स्वतः लेखक असतो आणि कथा अद्याप बदलता येण्याजोगी असते.

इतिहास

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ साली उच्च पदवीच्या प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारण्याचे जाहीर केले. १९३६ साली तेथे विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखाली आयोवा रायटर्स वर्कशॉप सुरू झाले. कवी पॉल एंगल हे १९४१ ते १९६५ या काळात त्याचे संचालक होते. कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर या तेथील विद्यार्थिनी होत्या. मसुद्यावर वर्गात सामूहिक चर्चा करण्याची पद्धत पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत रूढ झाली.

विज्ञानकथेच्या क्षेत्रात डेमन नाइट, जूडिथ मेरिल व जेम्स ब्लिश यांनी १९५६ साली पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड येथे लेखक-परिषद सुरू केली. तिच्यावरून ‘मिलफर्ड पद्धत’ हे नाव पडले. १९६८ साली सुरू झालेल्या क्लॅरियन कार्यशाळेनेही ही पद्धत स्वीकारली.

प्रमुख पद्धती

मिलफर्ड पद्धतीत सर्वजण वर्तुळाकार बसतात. प्रत्येक जण ठरावीक वेळेत, मध्ये न थांबवले जाता बोलतो. लेखक तोपर्यंत मौन पाळतो व सर्वांत शेवटी उत्तर देतो. छापील कथेसोबत स्पष्टीकरण देण्यास लेखक उपस्थित नसतो. त्यामुळे मसुदा स्वतःच्या बळावर किती पोहोचतो हे कळावे, असा या मौनामागील विचार आहे.

पीटर एल्बो यांनी ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या पुस्तकात निवाड्याऐवजी अनुभवावर भर दिला. वाचताना आपल्या मनात क्रमाने काय घडत गेले, हे वाचकाने सांगावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेली प्रक्रिया चार टप्प्यांची आहे. प्रथम कलाकृतीत काय अर्थपूर्ण वाटले ते सांगितले जाते. नंतर कलावंत प्रश्न विचारतो. मग श्रोते तटस्थ प्रश्न विचारतात. शेवटी कलावंताच्या संमतीने मते मांडली जातात. नृत्यातून आलेली ही प्रक्रिया लेखनवर्गांतही वापरली जाते.

उपयुक्त अभिप्रायाचे स्वरूप

अभिप्राय किती सौम्य आहे यापेक्षा तो किती नेमका आहे यावर त्याची उपयुक्तता अधिक अवलंबून असते. ‘कथा छान आहे’ आणि ‘आईचे पात्र खोटे वाटते’ ही दोन्ही विधाने लेखकाला पुढची दिशा देत नाहीत. याउलट, ‘दुसऱ्या पानावर आई शेत विकण्यास नकार देते आणि चौथ्या पानावर सही करते, मधे तिचे मन कशाने वळले ते मला कळले नाही’ हे विधान मजकुरातील जागा व वाचकाचा अनुभव दोन्ही दाखवते. नकाराचे कारण वाढवायचे, सहीचा प्रसंग बदलायचा, की आईचे मौन तसेच ठेवून दुसरीकडे सूचक तपशील द्यायचा, हा निर्णय लेखकाकडेच राहतो.

वाचकाला जाणवलेली अडचण व त्याने सुचवलेला उपाय यांत म्हणूनच फरक केला जातो. अनेक वाचक एकाच जागी अडखळले, तर तेथे दोष असण्याची शक्यता वाढते. मात्र प्रत्येकाने सुचवलेला उपाय वेगळा असू शकतो. उपायच अभिप्राय म्हणून दिला गेल्यास अभिप्राय देणारा नकळत स्वतःची कथा सांगू लागतो. कथेत काय साधले आहे हे नेमकेपणाने दाखवणे हाही अभिप्रायाचा आवश्यक भाग मानला जातो. तसे न झाल्यास पुनर्लेखनात कथेतील चांगला भागच काढून टाकला जाण्याचा धोका असतो. टीका कथेतील निवेदकावर किंवा मांडणीवर असावी, लेखकाच्या व्यक्तित्वावर नसावी, असाही संकेत आहे.

टीका

मौनाच्या नियमावर अलीकडे आक्षेप घेतले गेले आहेत. मॅथ्यू सॅलेसिस यांच्या ‘क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड’ व फेलिशिया रोझ चावेझ यांच्या ‘द अँटी-रेसिस्ट रायटिंग वर्कशॉप’ (दोन्ही २०२१) या पुस्तकांत याचे विवेचन आहे. वर्गातील बहुसंख्य वाचकांची सांस्कृतिक पार्श्वभूमी लेखकाहून वेगळी असेल, तर त्यांचे अपरिचयच कथेचे दोष म्हणून नोंदवले जाऊ शकतात. मौन पाळणाऱ्या लेखकाला ते वेळीच स्पष्ट करता येत नाही. ही कथा कोणत्या वाचकासाठी लिहिली आहे, हा प्रश्न त्यामुळे चर्चेच्या केंद्रस्थानी येतो. काही वर्गांत आता लेखक प्रारंभीच आपला हेतू व आपले प्रश्न मांडतो आणि चर्चा त्यांना धरून चालते. हेतू आधीच सांगितल्यास अनभिज्ञ वाचकाची पहिली प्रतिक्रिया मिळत नाही, ही या बदलाची मर्यादा होय. त्यामुळे काही शिक्षक आधी लेखी प्रतिक्रिया घेतात व नंतर लेखकाच्या सहभागाने चर्चा करतात.