नाक कुणाचं, नाव कुणाचं

१९८४ साली माझं नाव पहिल्यांदा एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. टपालाने रिप्रिंट आले, त्यातला एक पिशवीत घालून मी मुरुमला गावी आलो. ज्यांच्या नाकावर तो केस रिपोर्ट होता ते आप्पा आमच्याच गल्लीतले. नाकाच्या शेंड्यावरची जखम त्यांनी कित्येक वर्षं हळद दाबून सांभाळली होती. तो कॅन्सर निघाला. अर्धं नाक काढावं लागलं, आणि कपाळाची कातडी खाली वळवून आम्ही नवं बसवलं. मी तेव्हा रजिस्ट्रार होतो.

आप्पांनी ओट्यावर बसून कागद उजेडात धरला. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी होती, ओळख लपावी म्हणून. शेजारी बसलेला नातू लगेच ओरडला, "आप्पा, हे तुमीच की!" लेख नाकावर होता, त्यामुळे नाक उघडं ठेवणं भागच होतं. आणि मुरुममध्ये ते नाक ओळखायला डोळ्यांची गरज कुणालाच नव्हती.

वरची चार नावं मी बोट ठेवून वाचून दाखवली. पहिल्यावर आप्पांनी अडवलं. "हे कोन?"

"आमचे मोठे साहेब."

"मी तर बगितलं न्हाई यांना."

खरंच होतं. साहेब त्या दिवशी थिएटरकडे फिरकले नव्हते. चौथं नाव एकाला बढतीसाठी हवं होतं म्हणून घातलेलं. ते आप्पांना कसं सांगणार? रोज ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरचं नाव मात्र त्यांना पाठ होतं. ते कागदावर कुठेच नव्हतं.

"आन् माझं?"

"पेशंटचं नाव छापत नसतात, आप्पा."

"का?"

मी काहीतरी पुटपुटलो. फोटो छापण्याआधी त्यांना विचारलंच नव्हतं, हे काही मी बोललो नाही.

पुढे कधीतरी त्या ऑपरेशनचा इतिहास चाळायला घेतला आणि थेट पुण्यात, सवाई माधवरावांच्या काळात जाऊन पोचलो. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक माणूस टिपूविरुद्धच्या लढाईत पकडला गेला. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी हे ऑपरेशन कसं करतात ते प्रत्यक्ष पाहिलेलं होतं.

ऑपरेशनचं वर्णन इतकं नेमकं आहे की मी ते वाचून विद्यार्थ्यांना शिकवलं असतं तरी चाललं असतं. आधी मेणाचं पातळ नाक करून जागेवर बसवून बघायचं. तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची. रक्त तिथूनच खेळतं. कातडी पिळवटून खाली आणायची, कडा खाचेत बसवायच्या, वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्यांचे थर. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. आम्ही १९८४ मध्ये मेणाऐवजी एक्स-रेची जुनी फिल्म कापून साचा केला होता आणि काताऐवजी व्हॅसलीनचं गॉज वापरलं होतं. बाकी हिशोब तोच. जगभरचे प्लास्टिक सर्जन या पद्धतीला अजून 'भारतीय पद्धत' म्हणतात.

आता या पत्रातली नावं बघा. रुग्णाचं नाव छापलंय: कावसजी. सोबत चेहऱ्याचं चित्र आहे, आणि तेही साधंसुधं नाही. नाना फडणविसांची तसबीर रंगवणारा जेम्स वेल्स, त्याच्या हातचं. डोळ्यांवर पट्टी नाही, उघडं तोंड, नवं नाक. पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावं आहेत. लिहिणाऱ्याने मात्र खाली फक्त 'बी. एल.' अशी सही केलीय. हा कोण यावर आजही वाद आहे. आणि ज्याच्या हातात वस्तरा होता त्याची नुसती जात छापलीय.

माझी एक शंका आहे, पुरावा काही नाही. पत्रात रुग्ण मराठा शेतकरी असल्याचं म्हटलंय. कावसजी हे तर पारशी नाव. साहेबाच्या कानाने ऐकलं आणि साहेबाच्या हाताने लिहिलं. म्हणजे ज्याचं एकट्याचं नाव ठळक छापलं, त्याचंही ते खरं नसावं.

जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने हे पत्र वाचून प्रेतांवर सराव केला. १८१४ मध्ये त्याने पहिलं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याने पद्धत भारतातली आहे हे लपवलं नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण ती ज्याच्या बोटांत होती त्या पुण्याच्या माणसापर्यंत कुणी पोचलं नाही.

नाव जाणं हे फक्त आपल्याकडच्या कारागिरांच्याच नशिबी होतं असं मात्र नाही. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' प्रत्येक डॉक्टरने कधी ना कधी उशाला घेतलेलं असतं. त्यातली चित्रं हेन्री ग्रेची नाहीत. ती हेन्री व्हॅनडाइक कार्टरने काढली, लाकडी ठोकळ्यांवर, उलटी. पुस्तक १८५८ च्या ऑगस्टमध्ये आलं तेव्हा कार्टर मुंबईत उतरून काही महिने झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवत होता. शीर्षकपृष्ठाच्या प्रुफावर ग्रेने कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला सांगितला आणि त्याच्या मुंबईच्या प्रोफेसरपदावर काट मारली. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे. कार्टरला मिळाले एकदाच, दीडशे. पुढे तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. ज्याला आपण मदुरा फूट म्हणतो तो पायाचा रोग बुरशीमुळे होतो, हे दाखवून देणारं पुस्तक त्याने १८७४ मध्ये काढलं. त्यावर नाव एकट्याचं, टाइपही मोठा. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.

नियम आले ते फार उशिरा. जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही नियतकालिकांचे संपादक जमले. त्यांचं दुखणं अगदीच किरकोळ होतं: प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहायची तऱ्हा वेगळी, लेखकांचे हाल. स्वल्पविराम कुठे नि पूर्णविराम कुठे, यातून एक समिती सुरू झाली. पुढे तिनेच सांगितलं की लेखक म्हणवून घ्यायचं तर कामात खरा वाटा हवा, मजकुराची जबाबदारी घेता आली पाहिजे. रुग्ण ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती हवी, आणि डोळ्यांवरची पट्टी पुरेशी नाही. हे शेवटचं वाचलं तेव्हा आप्पांचा नातू आठवला. त्याला कळायला क्षणभरही लागला नव्हता.

आपल्याकडे मुंबईत काही डॉक्टरांनी ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेडिकल एथिक्स' नावाचं छोटं पत्रक काढलं. केईएमचे मेंदूचे सर्जन सुनील पंड्या त्याचे संपादक होते. आज ते 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ओळखलं जातं. पत्रक निघून दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३० सप्टेंबरची भूकंपाची पहाट आली. किल्लारी, सास्तूर ही आमच्या उशाशी असलेली गावं. मी मदतीला गेलो होतो. पहिल्या आठवड्यात डॉक्टर आले, नंतर कॅमेरे, आणि मग प्रश्नावल्या घेतलेली माणसं. पत्र्याच्या शेडबाहेर एक म्हातारी मला म्हणाली, "किती येळा सांगू बाबा, तेच तेच?" ती उत्तरं कुणाच्या नावावर छापली गेली, तिला कधी कळलं नाही.

मुरुमहून उमरग्याला गेलं की हमरस्ता लागतो, तो थेट हैदराबादला जातो. निजामाच्या काळातली आमची जुनी राजधानी. तिथल्या एका प्रकाशन कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला. पैसे घ्यायचे, तज्ज्ञांकडून तपासल्याचं भासवायचं आणि लेख छापायचे, असा आरोप. २०१९ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. बढतीसाठी नाव हवं असलेला आमचा तो चौथा लेखक आज असता तर त्याला माझ्या लेखाची गरजच पडली नसती.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. तो रिप्रिंट त्यांच्या घरून परत माझ्याकडे आला, नातवानेच आणून दिला. घडीवर फाटलेला, तेलाचा डाग पडलेला. फोटोखाली निळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं दिसलं. आप्पा निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, त्यांचं लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत. उजवीकडून सुरू होणारी एकच ओळ, जपून, दाबून लिहिलेली.

"त्यांनी नाव घातलंय आपलं," नातू म्हणाला. तो मराठी शाळेतला, मीही. ती ओळ आम्हा दोघांनाही वाचता आली नाही.