इवायाच्या चहातली पाल

आमच्या आबाजीला खूप हसू आलं की आवाज निघायचा नाही. खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि हातातली तंबाखूची डबी धोतरावर सांडायची. इवायाच्या चहाची गोष्ट सांगताना तर तो शेवटापर्यंत क्वचितच पोचायचा. आम्ही पोरं छपरीत त्याच्याभोवती बसलेलो असायचो. गोष्ट पाठ असूनही त्याचे खांदे हलायला लागले की आम्हीही लोळायचो.

आमच्या गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वैनगंगा आणि दुसऱ्या अंगाला वर्धा. पुढे दोघी मिळाल्या की प्राणहिता. वर्धेच्या पलीकडे आज तेलंगणा आहे. आज पोडशाच्या पुलावरून गाड्या जातात. आबाजीच्या तरुणपणी, म्हणजे १९४८ च्या आधी, तो निजामाचा मुलूख होता. पण राज्य वेगळं म्हणून सोयरिकी कधी थांबल्या नाहीत. तिकडच्या मुली इकडे यायच्या, इकडच्या तिकडे जायच्या, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायची.

तर गोष्ट अशी. पलीकडचा इवाई, म्हणजे व्याही, पहिल्यांदाच लेकीकडे आला. इहीनीनं, म्हणजे विहिणीनं, मोठ्या कौतुकानं कोरा चहा पुढे केला. पाहुण्यानं एक घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "पालु." इहीन दचकली. तिनं कंदील उचलून आधी भिंत पाहिली, मग वासे, मग कपात डोकावली. "नाई जी, पाल नाई पडली." पाहुणा पुन्हा म्हणाला, "पालु, पालु." तिनं चहा अंगणात फेकला, दुसरा केला, तोही कोराच. पाहुणा पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्या कपाला मात्र तो बिचारा उठला, अंगणात जाऊन गाईसारखा हंबरला आणि दोन्ही हातांनी धार काढून दाखवू लागला. तेलुगूत पालु म्हणजे दूध.

हे कोणाच्या घरी खरंच घडलं की दंडारीतच, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातच, कोणी रचलं, हे आबाजीलाही सांगता यायचं नाही. पण दंडारीत हा प्रसंग वर्षानुवर्षं व्हायचा, हे तो शपथेवर सांगायचा. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव दंडार उभी राहायची. पुरुषच सगळे, बाईचं सोंग घेणारेही पुरुषच. टेंभ्याच्या उजेडात इहीन कंदील घेऊन पाल शोधायला लागली की काय व्हायचं ते तो असं सांगायचा: "पयल्या साली 'पालु' म्हटल्याबरोबर तेलगू बोलनारे हासले. इहीन भित पाह्याले लागली तवा मराठीवाले हासले. मंग एकमेकाले इचारलं, तू काहून हासला गा? दुसऱ्या सालापासून सारे संगंच हासाले लागले."

एक गोष्ट मला मोठं झाल्यावर कळली. त्या विनोदावर पूर्ण हसायचं तर शेजाऱ्याचा एक शब्द शिकावा लागत होता. शाळा नसलेल्या गावात कोणी न शिकवता अख्खं गाव तो शिकलं.

दंडारीची दुसरी एक आठवण आबाजी जरा जपून सांगायचा. दोन चुलत भावांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता, बोलणं बंद. त्या साली सोंगाड्यांनी धुऱ्याचंच सोंग आणलं. एक जण रोज वीतभर दगड सरकवतो, सरकवत सरकवत शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोचतो आणि त्याच्या ताटात जेवायला बसतो. गर्दीच्या दोन टोकांना बसलेले ते दोघे भाऊ. दोघांनाही हसू आवरेना, आणि दोघांनी एकमेकांना हसताना पाहिलं. तंटा मिटला नाही, कचेरीच्या तारखा पुढे चार वर्षं चालू होत्या. पण त्या हिवाळ्यात धानाच्या चुरण्याला एकानं दुसऱ्याचे बैल मागितले आणि त्यानं ते दिले.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. बसायला जागा जातीजातीनं ठरलेल्या होत्या. बाया एका अंगाला, आणि काही माणसं तर पार कडेला, जिथून सोंग दिसायचं कमी आणि ऐकू यायचं जास्त. हसू तेवढं त्या कडेपासून पाटलाच्या खाटेपर्यंत एका दमात जायचं. उजाडल्यावर पाणवठे पुन्हा वेगळेच. आबाजी या जागी थांबायचा, डबी उघडायचा. मला त्याचं ते थांबणं गोष्टीइतकंच आठवतं.

दंडारीशेजारी पुढे नाटक आलं. वडसा हे त्याचं माहेर. रेल्वेचं गाव, तिथून मंडळ्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, दिवाळीपासून होळीपर्यंत. लेकी-जावई बोलावले जातात, मुली दाखवल्या जातात, कितीतरी लग्नं नाटकाच्या पाहुणचारातच ठरतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, ती २०२१ च्या डिसेंबरात अटींवर उठली. मधल्या वर्षांत पट बंद होते, तरी नाटक चालू राहिलं. या नाटकात राजा, इन्स्पेक्टर, डॉक्टर पुस्तकी मराठी बोलतात आणि विनोदी नट आमची झाडीबोली. त्याच्या तोंडून आपलीच भाषा आली की पहिल्या रांगेतली म्हातारी सरसावून बसते. गुरनोलीचे परशुराम खुणे असेच विनोदी नट. त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका सांगतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे प्रत्येकाला आपल्याच घरचा सन्मान झाल्यासारखं वाटलं.

अलीकडे काही प्रयोगांत विनोदाच्या जागी नुसती द्विअर्थी बडबड आणि नाच घुसवलेला असतो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यावर पोरं शिट्ट्या मारतात, पण सासू-सून शेजारी बसून हसू शकत नाहीत. ज्या विनोदाला अर्धा मंडप मान खाली घालतो, तो आबाजीच्या मापानं विनोद नव्हे.

गेल्या हिवाळ्यात मी तालुक्यातल्याच एका गावी नाटकाला गेलो होतो. तणसावर चादर टाकून बसलेलो. पहाटे तीनच्या सुमारास विनोदी नटानं गावच्या सरपंचाचं नाव घेऊन एक वाक्य टाकलं, आणि माझ्या शेजारचा अनोळखी म्हातारा हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळला. त्याचेही खांदे आवाज न करता हलत होते. मध्यंतरात त्यानं स्वतःच्या किटलीतला चहा मला दिला. दूध घातलेला होता.

भाऊबीज झाली की आमच्याकडे या. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. थंडी फार असते, घोंगडी आणा.