पीलू (वनस्पती)

पीलू किंवा खाकण (शास्त्रीय नाव: साल्वाडोरा पर्सिका) हे साल्वाडोरेसी कुलातील मांसल पानांचे सदाहरित झुडूप आहे. आफ्रिका, अरबस्तान, इराण, राजस्थान आणि गुजरात येथील रुक्ष प्रदेशांत ते आढळते. महाराष्ट्रात ते मुख्यतः कोकणातील खाड्यांच्या काठी वाढते. मिसवाक या नावाने विकल्या जाणाऱ्या दातणाच्या काड्या याच्याच मुळांच्या व फांद्यांच्या असतात.

नावे

संस्कृतात पीलु या शब्दाचे वृक्षाखेरीज हत्ती व परमाणू असेही अर्थ आहेत. वैशेषिकांच्या ‘पीलुपाक’ मताचा या झाडाशी संबंध नाही. पाणिनीने मात्र पीलूची फळे पिकण्याच्या काळासाठी ‘पीलुकुण’ हा शब्द सिद्ध केला आहे, म्हणजे ही फळे त्याच्या परिचयाची असली पाहिजेत. अमरकोशात ‘गुडफल’ हा पर्याय येतो. राजस्थानात या जातीला खारा जाल, तर साल्वाडोरा ओलिऑइडिस या दुसऱ्या जातीला मीठा जाल म्हणतात. जुन्या ग्रंथांतील पीलू यांपैकी नेमका कोणता, हे केवळ नावावरून ठरवू नये.

वर्णन

झुडूप बहुधा वेडेवाकडे वाढते व फांद्या खाली झुकलेल्या असतात. क्वचित त्याचा लहान वृक्ष होतो. पाने समोरासमोर, अंडाकृती, फिकट हिरवी व जाड असतात. चावल्यास त्यांना मोहरीसारखा तिखटपणा जाणवतो. फुले बारीक, हिरवट पिवळी, देठयुक्त असून सैल फुलोऱ्यात येतात. प्रत्येक फुलात चार पाकळ्या व चार पुंकेसर असतात. फळ लहान, गोल, एकबीजी व पिकल्यावर लालसर होते. मीठा जालाची पाने अरुंद, फुले बिनदेठाची व पिकलेली फळे पिवळी असतात. दोन्ही जाती ओळखण्यास एवढे पुरेसे आहे.

वर्गीकरण

लॉरेंट गार्सिन यांनी १७४९ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले व बार्सिलोनाच्या साल्वादोर यांच्या नावावरून तिला नाव दिले. लिनियस यांनी १७५३ मध्ये पुंकेसरांच्या संख्येवरून तिला चार पुंकेसर व एक किंजल असलेल्या वनस्पतींत बसविले. ही सोय होती. नातेसंबंधाचा तो दावा नव्हता.

नाते शोधताना खरी अडचण आली. बेंथम व हूकर यांनी जोडलेल्या पाकळ्यांच्या वनस्पतींत, जाई-जुई व ऑलिव्ह यांच्या कुलाशेजारी, पीलूला जागा दिली. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची (१९०१–०८) याच पद्धतीची असल्याने येथील अभ्यासकांनाही पीलू त्याच शेजारात भेटला. पुढे क्रॉन्क्विस्ट यांनी त्याला मालकांगोणीच्या गणात नेले.

या सर्वांनी फुलाकडे पाहिले. उत्तर पानाच्या चवीत होते. पीलूत ग्लुकोसिनोलेट ही गंधकयुक्त द्रव्ये असतात. पेशी अखंड असेपर्यंत ती आपल्या विकरापासून वेगळी राहतात. चावताच दोन्ही मिसळतात आणि झणझणीत तेल सुटते. मोहरी, मुळा व शेवगा यांत हीच यंत्रणा असते. पीलूतील बेंझिल आयसोथायोसायनेट तर पपईच्या बियांतही तयार होते. अशी तेले देणाऱ्या वनस्पती एका वंशाच्या असाव्यात, असा विचार डालग्रेन यांनी १९७५ मध्ये मांडला. डीएनएच्या अभ्यासाने तो बहुतांशी खरा ठरला, आणि १९९८ च्या एपीजी पद्धतीत साल्वाडोरेसी कुल मोहरीच्या ब्रासिकेलीस गणात आले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक बॅटिस हे झुडूपही मांसल पानांचे असून खाऱ्या किनाऱ्यांवरच वाढते.

कोकणातील अधिवास

वाळवंटी झुडूप भरपूर पावसाच्या कोकणात कसे, असा प्रश्न पडतो. खारट मातीत पाणी असूनही मुळांना ते सहज ओढता येत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने तो दुष्काळच. मांसल पानांतील पाण्याचा साठा दोन्हीकडे सारखाच उपयोगी पडतो. बदलापूर, अंबरनाथ परिसरात गोडी असलेली उल्हास नदी कल्याणच्या पुढे भरतीच्या पाण्याने खारी होत जाते. पीलूचा संबंध अशा खाऱ्या पट्ट्याशी आहे. ठाणे खाडीत तो आढळतो.

पीलूला तिवरासारखी श्वसनमुळे नसतात व त्याचे बी झाडावर रुजत नाही, म्हणून तो खरी खारफुटी न मानता खारफुटीचा सहचर मानला जातो. तो जमिनीकडच्या कडेला उभा असतो आणि खाडीत भराव पडू लागला की तीच कड आधी बुजते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास व राडारोडा टाकण्यास मनाई केली. पीलूची बरीच झुडपे याच पट्ट्यात असतात. पाहणीत त्यांची नोंद ‘झुडपी रान’ अशी न करता नावानिशी होणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.