अवकाशविषयक वृत्तांची ओहोटी

अवकाश संशोधनाच्या मोहिमेस प्रारंभी वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांत मिळणारे ठळक स्थान पुढे झपाट्याने घटत जाते. मोहीम चालू असली व तिचे खरे फलित अद्याप हाती यावयाचे असले, तरीही हे घडते. नवलाई ओसरते, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे आहे. वृत्त घटनेचे होते. संशोधन ही दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया असते. उड्डाण, अवतरण वा अपघात यांना ठरावीक दिवस व वेळ असते. मोजमापांच्या विश्लेषणाला ती नसते.

नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले, तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ रोजी सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. त्या दिवशीची सकाळची दैनिके तोवर छापून निघाली होती आणि मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र नव्हते; त्यामुळे ही वार्ता प्रथम ऐकण्याचे साधन आकाशवाणी हेच होते. शिवाय दोनच दिवसांपूर्वी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्याने पहिल्या पानावर चंद्राला मोठा प्रतिस्पर्धी होता. तरीही २६ ऑक्टोबर १९६९ रोजी अपोलो-११ चे तिन्ही अंतराळवीर मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या स्वागतास प्रचंड जनसमुदाय लोटला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपोलो-१७ परतले आणि ती मालिका संपली. पडदा घरात आला, तोवर खेळ आटोपत आला होता.

अमेरिकेतही उत्साह फार टिकला नव्हता. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ मधून झालेले प्रक्षेपण तेथील प्रमुख दूरचित्रवाणी जाळ्यांनी थेट दाखविले नाही. त्यानंतर थोड्याच वेळात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि सर्व जगाचे लक्ष त्या यानाकडे वेधले गेले. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळले, त्यापूर्वीही असेच झाले. या प्रयोगशाळेत झालेली सूर्याची निरीक्षणे अल्पज्ञात राहिली. तिचे अवशेष आपल्या डोक्यावर पडतील, ही भीती मात्र भारतात खेडोपाडी पोहोचली.

प्रसिद्धी ओसरल्यामुळेच निधी आटतो, असेही मानले जाते. पण ते कालक्रमास धरून नाही. नासाच्या अर्थसंकल्पाने १९६६ च्या सुमारास शिखर गाठले होते, म्हणजे चंद्रावर माणूस उतरण्यापूर्वीच त्यात घट सुरू झाली होती.

भारतीय मोहिमांत ही विसंगती अधिक स्पष्ट दिसते. चांद्रयान-१ वरील आघातक उपकरण १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रावर आदळले. बाराच दिवसांनी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला व वृत्तपत्रांची पाने त्याने व्यापली. चंद्रपृष्ठावर पाण्याचे अंश असल्याचे निष्कर्ष सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा यानाशी संपर्क तुटून काही आठवडे लोटले होते. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तो दिवस सर्वांना आठवतो. सहा महिन्यांसाठी योजलेले हे यान सुमारे साडेसात वर्षे कार्यरत राहिले. त्याचा कार्यकाल संपल्याचे ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाले, त्याची तेवढी आठवण राहिली नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे अवतरण इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक पाहत होते. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच तेथील रात्रीमुळे लँडर व रोव्हर निद्रावस्थेत ठेवण्यात आले.

यशच वृत्ताला मारक ठरते, हे चिकलठाण्याच्या उदाहरणावरून समजते. छत्रपती संभाजीनगर येथील दैनिकांतून चिकलठाणा वेधशाळेत नोंदलेले तापमान प्रसिद्ध होते व त्यासोबत पावसाचा अंदाजही येतो. या अंदाजामागे इन्सॅट मालिकेतील उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे असतात. इन्सॅट-१ बी १९८३ मध्ये सोडला गेला, तेव्हा ती मोठी बातमी होती. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने उपग्रहाचा उपयोग मात्र त्यानंतर सुरू झाला. हवामानाच्या चौकटीत अवकाश संशोधन रोज छापले जाते, पण त्या नावाने नव्हे. ही ओहोटी म्हणावयाची की मुरणे, हा प्रश्नच आहे.

मधल्या काळातील संशोधनाचा मागोवा मराठीत प्रामुख्याने नियतकालिकांनी घेतला. पुण्याचे सृष्टिज्ञान हे मासिक १९२८ पासूनचे; मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली व तिनेही आपली पत्रिका काढली. मासिकाला उड्डाणाची घटिका गाठता येत नाही, त्यामुळे निष्कर्ष हाती येईपर्यंत थांबणे त्याला परवडते.