भाजलेल्यांचं गणगोत

राजगडावर चढायच्या वाटा बऱ्याच आहेत, त्यांतली पालीची सर्वांत सोयीची. वेल्ह्याच्या एसटीतून पाब्याला उतरायचं, कानंद नदी ओलांडायची आणि पाली दरवाजाच्या पायऱ्या धरायच्या, ही जुन्या भटक्यांची वाट. दरवाजा असा ऐसपैस की अंबारीसकट हत्ती आत यावा. 2024 मध्ये सरकारनं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. पालीकरांच्या तोंडी ते कधी रुळेल ते रुळेल.

पायऱ्या संपवून पद्मावती माचीवर आलं की दारूगोळ्याच्या कोठारांचे अवशेष दिसतात. गड दाखवणारा तिथं घटकाभर थांबतो, तोफा आणि बुरुजांचं बोलतो, पुढं निघतो. त्या दारूनं ज्यांचं हात-तोंड होरपळलं असेल त्यांचं पुढं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळणार नाही. 1665 मध्ये दिलेरखानाचा वेढा पडला असताना पुरंदरावर सफेद बुरुजाखाली पेरलेली दारू वेळेआधी उडाली आणि गडावरचीच माणसं तिच्यात सापडली. ठार झालेल्यांची दखल इतिहासानं घेतली. भाजून जे जगले, ते गावी परतले का, बायकामुलांनी त्यांना ओळखलं का, हे कुणी लिहिलं नाही. आपल्याकडं भाजण्याचा इतिहास मेलेल्यांचा आहे. वाचलेल्यांना त्यात जागा मिळायला फार वेळ लागला.

तोफा थंडावल्या तरी आग घरातच होती. मावळातल्या घरात चूल, चुलीशेजारी रॉकेलची चिमणी, थंडीत शेकोटी. त्यात भर पडली ती स्टोव्हची. 1892 च्या सुमाराला स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या कारागिरानं दाबावर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह काढला. तो ‘प्रायमस’ या नावानं जगभर गेला आणि महाराष्ट्रातल्या खोल्या-चाळींत पितळी रूपात येऊन बसला. काकडा पेटवायचा, टाकी तापू द्यायची, पंपानं हवा मारायची, भोक तुंबलं की पिन मारायची. दोन-तीन पिढ्यांच्या बायकांच्या हाताला हे काम झोपेतही जमायचं. पुढं अंगावर नायलॉन आणि टेरिलिनच्या साड्या आल्या. सुती लुगडं पेटलं तर जळतं. नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं.

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकात हे चौकटीतलं वाक्य मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पाठ होतं. भडका नेमका सुनेच्याच वाट्याला कसा येतो, सासू किंवा नणंद स्वयंपाक करत असताना का येत नाही, हा प्रश्न मोठ्यानं विचारला तो स्त्रियांच्या संघटनांनी. 1982 मध्ये पुण्यात दोन तरुण विवाहितांच्या मृत्यूनं शहर ढवळून निघालं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन त्या गावोगाव फिरल्या. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तक्त्यांसमोर थांबून स्वतःचंच सांगायला लागल्या, तेव्हा त्या सांगण्यासाठी जागा हवी हे मंचाच्या ध्यानात आलं. ‘बोलते व्हा’ हे केंद्र त्यातून निघालं. 1983 मध्ये भारतीय दंडविधानात 498-अ आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब.

एक गोष्ट मात्र राहून गेली. कायदा, मोर्चा, मृत्युपूर्व जबाब, सगळ्यांची नजर मृत्यूवर. चाळीस टक्के भाजून जी वाचली, तिच्यासाठी जवळजवळ कुणाकडंच काही नव्हतं. ती माहेरी आणली जायची आणि आतल्या खोलीत बसवली जायची. पाहुणे आले की दार लोटलं जायचं. लग्नकार्याला घर निघालं की ‘तू राहा, दगदग होईल’ म्हणायचं. यात दुष्टपणा असायचाच असं नाही. बहुतेक वेळा माया आणि लाज यांची ती भेसळ असायची.

रुग्णालयातून घरी पाठवताना डॉक्टर जे सांगतात आणि भाजलेल्या माणसाला खरोखर जे कळून हवं असतं, त्यात अंतर असतं. व्रण दबून राहावा म्हणून घट्ट प्रेशर गारमेंट दिवसातले जवळजवळ सगळे तास घालायचा, तोही कित्येक महिने, हे डॉक्टर सांगतात. पण वैशाखात त्याच्या आत जी खाज सुटते तिचं काय करायचं, हे तोच सांगू शकतो ज्यानं ती सोसली आहे. कलम केलेल्या कातडीला घाम येत नाही, म्हणून अंग आतल्या आत तापतं. पाली दरवाजाच्या पायऱ्या इतरांना सोप्या, तिथं असा माणूस उन्हाळ्यात अर्ध्यावरच गरगरायला लागेल. हनुवटी छातीकडं ओढली जाते, बोटं आत वळतात, मग बांगड्या कशा भरायच्या, भाकरी कोणत्या हातानं थापायची? आणि पहिल्यांदा आरसा कधी मागायचा? या प्रश्नांची पुस्तकं नसतात. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण आपण उगाच तोंडी लावतो. इथं ती शब्दशः लागू आहे.

हे कळणं एकत्र आणायची पहिली गाजलेली हकिकत दुसऱ्या महायुद्धातली. इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिनस्टेड नावाच्या छोट्या गावातल्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो हा न्यूझीलंडचा शल्यविशारद पेटत्या विमानांतून निघालेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात नव्यानं घडवत होता. 1941 मध्ये त्याच्या रुग्णांनी क्लब काढला. आपल्यावर प्रयोग चाललेत, मग नाव ठेवलं ‘गिनिपिग क्लब’. खजिनदार निवडला पाय भाजलेला, पैसे घेऊन पळायला नको म्हणून. चिटणीस निवडला बोटं भाजलेला, म्हणजे तो लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. युद्ध संपेपर्यंत सभासद साडेसहाशेच्या घरात गेले. ही थट्टा बाहेरच्यानं केली असती तर मार खाल्ला असता. आपसातली म्हणून ती औषध ठरली. मॅकिंडोनं आणखी एक केलं. त्यानं गावकऱ्यांना समजावलं की ही पोरं दुकानात, पबमध्ये येतील, त्यांच्याकडं टक लावून पाहू नका. ईस्ट ग्रिनस्टेडची ख्याती पुढं ‘रोखून न पाहणारं गाव’ अशीच झाली.

ते सैनिक होते, त्यांच्या व्रणांना पराक्रमाचं तेज होतं. साध्या माणसाचं काय? अमेरिकेत रॉचेस्टरच्या विमानतळावर 1963 च्या जुलैमध्ये एक प्रवासी विमान कोसळलं, त्यात अ‍ॅलन ब्रेस्लाव भयंकर भाजले. त्यांच्यावर पन्नासच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. पुढं भाजलेल्या एका मुलाला ते रुग्णालयात भेटायला गेले आणि आपला नुसता चेहराच त्या पोराला काही सांगून जातो हे त्यांना उमगलं. 1977 मध्ये त्यांनी फिनिक्स सोसायटी स्थापन केली. भाजून वाचलेल्यांची संमेलनं, खाटेपाशी जाऊन बोलणारे प्रशिक्षित सोबती, असं काम तिच्यातून वाढत गेलं. ऐंशीच्या दशकात तिकडं मुलांची निवासी शिबिरं सुरू झाली. अशा शिबिरातली पोहण्याच्या तलावाची जागा समुपदेशनाच्या खोलीपेक्षा महत्त्वाची असते, कारण तिथं पहिल्यांदा अंगातला सदरा उतरतो.

भारतात हे बीज दक्षिणेत रुजलं. बंगळुरूच्या प्रेमा धनराज आठ वर्षांच्या असताना स्वयंपाकघरातल्या भडक्यात चेहऱ्यापासून छातीपर्यंत भाजल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. पुढं त्या स्वतःच प्लास्टिक सर्जन झाल्या आणि त्याच वेल्लोरला त्या विभागाच्या प्रमुख म्हणून बसल्या. भाजलेल्या रुग्णाला तपासायला येणारी डॉक्टर स्वतःच भाजलेली, याहून मोठं समुपदेशन कोणतं असणार? त्यांनी ‘अग्निरक्षा’ ही संस्था उभी केली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेत अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुलींनी 2014 च्या डिसेंबरात आग्र्यात ‘शीरोज’ हे उपाहारगृह चालवायला घेतलं. ताजमहालाच्या गावात, चेहरा न झाकता.

महाराष्ट्राचं पाऊल आधी कातडीच्या बाजूनं पडलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकारानं 2000 मध्ये त्वचापेढी सुरू झाली, देशातली पहिली. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर उभं राहिलं, पुण्यातही पेढी आली. माणसांच्या बाजूनं पुणं वेगळ्याच वाटेनं गेलं. 1986 मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांच्या मुक्तांगणनं व्यसनातून सुटलेल्याला व्यसनात अडकलेल्याशेजारी बसवलं. 2001 मध्ये डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन काढली. त्यांना स्वतःलाही कोड. तिथल्या मेळाव्यांत लग्नंही जुळतात. कोडावरच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ 2006 मध्ये आला. कोड आणि भाजल्याचे व्रण, दुखणी अगदी निराळी. पण टक लावून पाहणारा शेजारी तोच. स्वमदत गटाची विद्या या शहराला येते, शिबिरांची तर हौसच आहे. राजगडाच्या पायथ्याशी शनिवार-रविवारी इतके तंबू लागतात, त्यांतले चार भाजून वाचलेल्यांसाठी लागले तर जागा अपुरी पडणार नाही. फक्त दिवस थंडीचे निवडावेत, घामाचं वर सांगितलंच आहे.

सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजानं देशात दरवर्षी सुमारे 70 लाख माणसं भाजतात, 1 लाख 40 हजार दगावतात. बाकीची जगतात.

या सगळ्याचा आरंभ मात्र पुण्याच्या जवळच शोधावा लागतो. टिपूशी चाललेल्या लढाईत इंग्रजांच्या तळावरचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला, त्याचं आणि आणखी चार शिपायांचं नाक कापून त्यांना सोडण्यात आलं. पुढं पुण्याजवळच्या एका कुंभारानं कावसजीला नवं नाक करून दिलं. मेणाचा पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो पसरून कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांमधला देठ तसाच राखून खाली वळवली. सांधा पक्का धरावा म्हणून पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाची घडी. विड्यातला कात आणि चुलीजवळचं तूप! पेशव्यांच्या पुण्यात चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र केलं, लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर 1794 मध्ये हकिकत छापली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू यानं 1814 मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची वंशावळ इथून सांगतात.

पण असा कुंभार आहे, हे कळलं कसं? सांगतात ते असं: तळावर माल विकायला आलेल्या एका व्यापाऱ्याच्या नाकावरचा व्रण इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडला. विचारल्यावर व्यापाऱ्यानं लपवाछपवी न करता सांगितलं, की शिक्षा म्हणून नाक गेलं होतं, ते अमक्यानं परत लावून दिलं. त्याच्या सांगण्यावरून कावसजीला बोलावणं गेलं. कावसजीचं नाव जगभरच्या शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत आहे. कुंभाराचं नाही, आणि स्वतःचं नाक दाखवणाऱ्या त्या व्यापाऱ्याचंही नाही.